जयवंताबाईचं उकळेलं

"ते परत धाडायचं हाय, माय. हात नको लाऊ त्याले."

राजकुमार हे बोलला तेव्हा त्याची आईकडे पाठ होती. उंबऱ्यात बसून तो चपलेचा पट्टा लावत होता. जयवंताबाईला समोरच्याचे ओठ दिसले तरच बोलणं कळायचं, पाठीमागून कोणी काही म्हटलं तर ते भिंतीशी बोलल्यासारखं. त्यामुळे लेकाचं वाक्य तिच्यापर्यंत गेलंच नाही. भाजीच्या सुरीनं तिनं खोक्यावरची चिकटपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडून टाकली होती.

खोकं आलं होतं तिच्या लेकीच्या, तेजस्विनीच्या नावावर. तेजस्विनी हैदराबादला एका कंपनीत होती. दिवाळीच्या सुटीत घरी, मावल्याला येईन, निवांत बसून काहीतरी हातानं बनवीन, असं ठरवून तिनं ते इथल्या पत्त्यावर मागवलं होतं. पण सुटी कापली गेली, ती भाऊबीज आटोपून पळाली आणि खोकं मागाहून दारात आलं.

आत गवताच्या काड्यांसारखी कागदाची कात्रणं होती. त्यांत लाकडाचे भाग नीट बांधून ठेवलेले. कंबर आत गेलेली एक चौकट, एक लांब दांडा, बोटाएवढ्या पट्ट्या, चार खुंट्या, तारांची पुडी. सगळ्यात खाली पातळ कागदात गुंडाळलेली एक फळी होती, पापडासारखी पातळ, मधे गोल भोक असलेली.

"काय वो हे?" जयवंताबाईनं सुनेला विचारलं. तिचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे गल्लीभर जायचा.

रुपा, तिची सून, पीठ मळत होती. उठून समोर येऊन बसली आणि तोंड नीट उघडून म्हणाली, "यु-कु-ले-ले."

"काय उकळेलं?"

रुपाला हसू फुटलं. "वाजवायचं असते, आत्याबाई. गिटारचं पिल्लू. तुकडे येतात, आपन जोडायचं."

जयवंताबाईनं ती पातळ फळी हातात घेतली. बाजारात माठ घेताना बाई जशी टिचकी मारून पाहते, तशी तिनं मारली. ऐकू काहीच आलं नाही, ते अपेक्षितच होतं. पण फळीतून काहीतरी सुटलं, बोटांत शिरलं आणि मनगटावरून कोपरापर्यंत मुंग्यांच्या रांगेसारखं चढत गेलं. ती थबकली. पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तेच. मग फळी हनुवटीला लावून मारली, तेव्हा ते दातांत वाजलं.

"आत्याबाई, ते परत धाडायचं म्हनते हे," रुपा समोर येऊन सांगत होती.

"कोनाले इचारून?" जयवंताबाई म्हणाली.

जयवंताबाईचं अर्धं आयुष्य आदिलाबादच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये गेलं होतं. लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच हंगामाला कामावर लागली. पत्र्याच्या लांब हॉलमध्ये यंत्रांची रांग आणि प्रत्येक यंत्रासमोर एक बाई. कापूस उचलायचा, यंत्राच्या तोंडात घालायचा, सरकी खाली पडते का पाहायचं. यंत्रं सुरू झाली की शेजारणीशी बोलायचं तर तिच्या कानाला तोंड लावावं लागे, म्हणून बायका ओठांनीच बोलायला शिकल्या. सासवांच्या कागाळ्या, लेकींची लग्नं, सगळं आवाजाविना. ती विद्या पुढे एवढी उपयोगी पडेल असं तेव्हा कोणाच्या मनात नव्हतं.

कान एकदम गेले नाहीत. आधी सकाळचे पक्षी गेले. मग फोनची घंटी गेली. मग शब्दांमधला 'स' गेला, 'श' गेला, माणसं बोबडी बोलू लागली. नवरा वारला त्या वर्षी बायकांचं रडणंसुद्धा तिला पाण्याखालून आल्यासारखं वाटलं होतं. राजकुमारनं कानाचं यंत्र आणून दिलं. त्यात भांड्यांचा खणखणाट आणि एक शिट्टी, एवढंच येई. शिरा सुकल्या आहेत, डॉक्टर म्हणाले. यंत्र डब्यात गेलं.

एकदा जिनिंगमध्ये पट्टा अडकला म्हणून भोंगा झाला. सगळ्या बायकांनी हात मागे घेतले, जयवंताबाई कापूस घालतच राहिली. शेजारच्या चंचलनं पदर धरून ओढली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर समोर येऊन उभा राहिला. "अम्मा, रेपटि नुंडि रावद्दु." उद्यापासून येऊ नकोस. तेलुगूतलं हे 'वद्दु' ओठांवर फार स्वच्छ दिसतं. तिला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

ते तिनं सोसलं. पोटाची नोकरी, एक दिवस जायचीच. पण त्यानंतर दत्ताच्या देवळातलं भजन गेलं, ते मात्र तिला सोसलं नाही. दर गुरुवारी दुपारी बायकांचं भजन बसे. एके काळी जयवंताबाईनं चाल धरली की बाकीच्या मागून येत. तिचा आवाज खणखणीत, डोळे मिटून गाणारी बाई. आता डोळे मिटले की ती एकीकडे आणि भजन दुसरीकडे. बायका दुसऱ्या कडव्यात, ही पहिल्याच. आधी हसणं झालं, मग कुजबूज. शेवटी भजनी मंडळाच्या प्रमुख द्वारकाबाईनं तिच्या हातातले टाळ हळूच काढून घेतले आणि मायेनं म्हटलं, "तू बस, जयवंता. ऐक नुसतं."

ऐक नुसतं! जयवंताबाई तशीच उठली, चपला घातल्या आणि घरी आली. मग त्या देवळाच्या बाजूनं जायचं झालं तर ती मागच्या बोळानं जाई.

राजकुमार त्या संध्याकाळी दुकानावरून आला तेव्हा आई अंगणात चटई टाकून बसली होती आणि तुकडे ओळीनं मांडले होते. तो रागानं लाल झाला.

"माय, हे कायले उघडलं? तेजूनं परत करा म्हटलं!"

"मी करून राह्यली."

"काय करून राह्यली?"

"उकळेलं."

"अवो, तुले ऐकू येत नाई आन् तू बाजा बनवतं? लोक काय म्हनतीन? बुढी बहिरी झाली आन् बाजा वाजवून राह्यली!"

"म्हनू दे. मले कोनतं ऐकू येते?"

रुपा पदर तोंडाला लावून आत पळाली. राजकुमारनं कपाळाला हात लावला, बहिणीला फोन लावला आणि फोन आईच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर तेजस्विनीचा चेहरा आला.

"माय, अवो ते माहं होतं!"

"होतं. आता माहं हाय. तू दुसरं मागव."

तेजस्विनी हसली आणि भावाला काहीतरी म्हणाली. तिनं तोंड फिरवल्यामुळे जयवंताबाईला ते कळलं नाही. पण राजकुमार फोन घेऊन निमूट आत गेला, त्यावरून जे कळायचं ते कळलं.

खोक्यात चित्रांचा कागद होता. अक्षरं परकी होती, पण चित्रं सरळ होती. पातळ फळीच्या पोटाला आतून काड्या चिकटवायच्या, मग ती फळी चौकटीवर बसवायची, मागून दुसरी. जयवंताबाईनं काड्या चिकटवल्या, वरून वरवंटा ठेवला आणि सकाळी पाहते तर वरवंटा घसरून एक काडी तिरपी झालेली.

ती तशीच फळी घेऊन मागच्या गल्लीत रामाजी सुताराकडे गेली. रामाजी खिडकीच्या चौकटी बनवणारा माणूस. त्यानं फळी उलटीपालटी करून पाहिली.

"वैनी, हे नाजूक काम हाय. माह्या बापजन्मी केलं नाई. ठेवून जा, पाह्यतो."

"ठेवत नाई. कसं करू ते सांग. तोंड इकडं करून सांग."

रामाजीनं दाढी खाजवली. मग समोर बसून एकेक शब्द चघळल्यासारखा बोलला. तिरपी काडी गरम ओल्या फडक्यानं शेकून सोडवायची. चिकटवताना वजन नाही ठेवायचं, आवळायचं. त्यानं सायकलची जुनी ट्यूब काढली, तिच्या लांब पट्ट्या कापल्या आणि दिल्या. "याच्यानं बांधा. सगळीकून सारखी ताकद लागते."

घरी येऊन जयवंताबाईनं चौकटीवर फळी बसवली आणि ट्यूबच्या पट्ट्यांनी ते सगळं गुंडाळून काढलं, बाळंतिणीच्या पोटाला पट्टा बांधतात तसं. एक दिवस एक रात्र तसंच ठेवलं. पट्ट्या सोडल्या तेव्हा हातात एक पोकळ, हलकी पेटी होती. तिनं पेटीच्या पोटावर थाप मारली. या वेळी मुंग्या खांद्यापर्यंत गेल्या.

मग घासणं. पॉलिश पेपरचे तुकडे संपत गेले, बोटांची कातडी सोलली. गल्लीतल्या बाया येता-जाता उभ्या राहू लागल्या. जयवंताबाई मान वर करायची नाही. मान वर केली नाही की बोलणं नाही, हा बहिरेपणाचा एकच फायदा होता आणि ती तो पुरेपूर वसूल करत होती. एक मात्र तिनं मान्य केलं, दांडा बसवताना रुपाला धरायला बोलावलं. रुपानं डोळा लावून पाहिलं आणि हातानं दाखवलं, जरा डावीकडे, जरा अजून. दोघी सासवा-सुना एका लाकडाच्या दोन टोकांना नाक लावून बसलेल्या, असं राजकुमारनं पाहिलं आणि चहा मागायचा विसरून बाहेर निघून गेला.

रामाजीनं लाखेचं पॉलिश दिलं. कापसाचा बोळा फडक्यात बांधून तिनं ते हात फिरवत फिरवत चढवलं. कापूस हाताळण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, बोळा कसा दाबायचा हे सांगावं लागलं नाही. लाकडाला जुन्या गुळाचा रंग आला. मग तिनं तारा अडकवायची छोटी घोडी पोटावर चिकटवली, वाळू दिली, तारा ओढल्या आणि खुंट्या पिळायला लागली.

चौथी तार ताणली आणि घोडी तटकन सुटली. तिच्या भुवईवर येऊन आदळली. रक्त आलं.

राजकुमार धावत आला. "पाह्यलं? पाह्यलं ना? आता बस झालं. डोळा गेला असता!" तो समोर उभा राहून एकेक शब्द स्पष्ट बोलत होता. "माय, काही गोष्टी होत नाईत. ऐकू येत नाई त्यानं वाजवायचं नसते. तू घरात बस. काई कमी हाय काय तुले?"

जयवंताबाईनं पदरानं भुवई दाबून धरली. लेकाच्या चेहऱ्यावर राग होता, त्याखाली भीती होती, आणि सगळ्यात खाली ती द्वारकाबाईची माया होती. बस. ऐक नुसतं.

"हो, कमी हाय," ती म्हणाली. "मिलनं सांगतलं नको येऊ. देवळानं सांगतलं नको गाऊ. आता तू सांगून राह्यला नको वाजवू. तुमी सगळे बोलता, मी पाह्यतो म्हनून तुमाले वाटते मी हो म्हनून राह्यली. मी हो नाई म्हनत, राजा. मी नुसती पाह्यतो."

राजकुमारनं हळद आणून तिच्या भुवईवर दाबली आणि बाजूला झाला.

चूक रामाजीनं सांगितली. पॉलिशवर सरस धरत नाही, तिथलं पॉलिश खरवडून कोरं लाकूड उघडं करायचं होतं. एवढी मेहनत करून चढवलेला रंग तिनं ब्लेडनं स्वतः खरवडला. ते करताना मात्र तिला भरून आलं. एक कडा जरा जास्त खरवडली गेली, घोडीच्या बाजूला पांढरा ओरखडा राहिला तो राहिलाच. दुसऱ्यांदा चिकटवलेली घोडी हलली नाही.

तारा लावायला रुपाच्या फोनची मदत झाली. तार छेडली की पडद्यावर सुई हलायची आणि नेमक्या जागी आली की हिरवी व्हायची. देवळातल्या पेटीचा सा कोणता, ते रुपा पेटीवाल्या यशवंतरावांना विचारून आली आणि चारी तारा सा आणि प वर आणल्या. जयवंताबाईनं उकळेलं छातीशी धरलं, हनुवटी वरच्या कडेवर टेकवली आणि अंगठा फिरवला. जाड दोन तारा आल्या. बरगड्यांतून, जबड्यातून, अगदी पोटाच्या तळापर्यंत. बारीक दोन तारांचं काहीच आलं नाही. तिनं त्या पुन्हा पुन्हा छेडून पाहिल्या. नाही.

"कसं वाटते?" रुपानं विचारलं.

"बारीक दोन तुमच्यासाठी," जयवंताबाई म्हणाली. "जाड दोन माह्यासाठी."

दत्तजयंतीला दुपारी बायकांचं भजन असतं. त्या दिवशी जयवंताबाई हिरवं लुगडं नेसली आणि तिनं उकळेलं पदराखाली घेतलं. राजकुमार दारात आडवा उभा राहिला.

"माय, तुह्या पाया पडतो. घरी वाजव, दिवसभर वाजव. तिथं नको. लोक हासले तर मले पाहवनार नाई."

"मंग तू नको येऊ," ती म्हणाली आणि त्याच्या काखेखालून बाहेर पडली.

रुपा मागून धावली. वाटेत समोर येऊन म्हणाली, "मी तुमच्या मागं बसतो. पाठीवर थापट्या देतो, म्हंजे ताल समजन."

"मी काय ढोर हाय, हाकलाले? ढोलकीवरचा हात दिसते मले."

देवळापुढच्या मांडवात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. प्रयागबाई ढोलकी आवळत होती. द्वारकाबाई मध्यभागी, मांडीवर टाळ. जयवंताबाई सरळ पुढे गेली, प्रयागबाईसमोर जागा करून बसली आणि पदर बाजूला केला. कुजबूज तिला ऐकू आली नाही, पण मानांची लाट इकडून तिकडे गेलेली दिसली.

"जयवंता, हे काय वो?" द्वारकाबाईनं विचारलं. ती आता थकली होती, ओठ थरथरायचे, वाचायला जड जायचे.

"उकळेलं."

हसू फुटलं. द्वारकाबाई हसली नाही. "बाई, इथं असलं वाजवत नाईत. मंडळाचं एक वळन हाय. तू बस ना, आमी नको म्हटलं काय?"

"मी वाजवाले आली," जयवंताबाई म्हणाली. "इचाराले नाई आली."

द्वारकाबाईनं इकडेतिकडे पाहिलं. यशवंतराव पेटीवर बोटं ठेवून वाट पाहत होते, देव समोर होता, भर मांडवात भांडण काढायची ती बाई नव्हती. तिनं टाळ उचलले.

जयवंताबाईनं डोळे प्रयागबाईच्या तळहातावर खिळवले. हात पडला की अंगठा. हात पडला की अंगठा. पहिलं भजन असंच गेलं, दातओठ खाऊन. दुसऱ्याला तिचे खांदे सैल झाले. तिसऱ्याला एका बाईनं आपल्या लेकीला कोपरानं ढोसून हिच्याकडे दाखवलं, आणि त्या दाखवण्यात टिंगल नव्हती. मांडवाच्या कडेला मोटारसायकलवर पाय टेकवून राजकुमार उभा असलेला तिला दिसला. तिनं त्याच्याकडे पाहणं टाळलं. ताल चुकला असता.

पुढचं भजन कोणतं ते तिनं द्वारकाबाईच्या पहिल्या शब्दालाच ओळखलं. हे तिचं स्वतःचं होतं. किती गुरुवार हिनंच ते उचललं होतं. ढोलकीवर हात पडला, तिचा अंगठा फिरला, आणि कसे कोण जाणे, तिचे डोळे मिटले. मग ती आत गाऊ लागली. ओठ न हलवता, सगळी कडवी, सगळे हेलकावे, जसं पूर्वी गायची तसं. जाड तारा बरगड्यांत घुमत होत्या. असं कितीतरी काळात झालं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा प्रयागबाईचे हात मांडीवर होते. पेटीचा भाता मिटलेला. बायकांचे पदर तोंडाशी गेलेले. मागे वळून पाहायची गरज नव्हती, रुपा ओठ चावून बसली असणार. भजन कधीचं संपलं होतं आणि भरल्या मांडवात तिचं एकटीचं वाजत होतं.

द्वारकाबाईनं तळहात वर केला. थांब.

जयवंताबाईला तो हात स्वच्छ दिसला. तिचे कान तापले, भुवईवरची खूण ठसठसली. अंगठा क्षणभर अडखळला. पण तिच्या आत शेवटचं कडवं अजून राहिलं होतं. तिनं द्वारकाबाईच्या डोळ्यांत पाहिलं, नजर न हलवता, आणि वाजवत राहिली. चांगलं वाजतंय की वाईट, हे तिला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि ती कोणाला विचारणार नव्हती. हळूहळू एकेक पदर तोंडावरून खाली आला. कोणी हललं नाही. कडवं संपलं, धृपद परत आलं, तेही तिनं पुरं केलं, शेवटची ओळ नियमाप्रमाणे तीनदा. मग तारांवर पंजा ठेवून त्या थांबवल्या.

"हं. आता झालं," ती म्हणाली. आवाज मांडवाच्या बाहेरपर्यंत गेला. "घ्या पुढलं."

द्वारकाबाईनं टाळ उचलले, आणि नेहमीसारखे मांडीवर न धरता, जयवंताबाईला ताल दिसेल असे तिच्यासमोर वर धरले.